पाहुण्याच्या आधी उठायचं नाही

दिगू, पाहुणे आले. सातही जण आले, सामानासकट, छत्र्यांसकट. कुणाचंही पोट अजून बिघडलेलं नाही. तू पहिलं हेच विचारलं असतंस, म्हणून पहिलं हेच सांगून टाकतो.

आज ते सगळे बोरीवलीला कान्हेरीची लेणी बघायला गेलेत. खोत मास्तर बरोबर आहेत, म्हणजे लेण्यांपेक्षा मास्तरच जास्त ऐकायला लागणार. मी गेलो नाही. अंग दुखतंय असं सांगितलं. अंग दुखत नाहीये. खरं तर काहीच दुखत नाहीये, हीच भानगड आहे. तू गेल्यापासून माझं सगळं सुरळीत चालू आहे. दाढी करतो, ऑफिसला जातो, पाण्यावरून खाली दोघींची जुंपली की दोघींच्या नकला करून दाखवतो. तुझ्या तेराव्याला मी तुझे दोन किस्से सांगितले आणि माणसं डोळे पुसत हसली. माझं लक्ष मात्र कुणाला जिलबी पोहोचली नाही इकडे होतं. दात काढायच्या आधी डॉक्टर गाल बधीर करतो ना, तसं झालंय. हात लावला की कळतं, आपलाच आहे. पण आपला वाटत नाही.

तेव्हा आज नेहमीसारखं रंगवून सांगता येईल की नाही, माहीत नाही. तुला तर बरंच. तीस वर्षं तू मला ‘बंड्या, थोडक्यात’ म्हणत आलास.

भांडुपच्या तुमच्या कारखान्यात जपानी यंत्रं आली आणि यंत्रांबरोबर ओगावासान आले, तिथपासून हे सगळं सुरू झालं. तोवर आपल्या मुलुंडला जपानबद्दल तीनच गोष्टी माहीत होत्या. घड्याळ, टेपरेकॉर्डर, आणि तिथली माणसं बुटकी असतात. एका रविवारी तू साहेबांना न विचारता त्यांना घरी जेवायला घेऊन आलास. अख्खी बिल्डिंग गॅलरीत उभी होती. आणि रिक्षातून घडी उलगडावी तसा सहा फुटी माणूस बाहेर आला. लोकांना फसवल्यासारखं झालं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू तर म्हणाल्या, हा खरा नसेल, खरा हॉटेलात झोपला असेल, याला पाठवलंय.

सुमन वहिनी आदल्या दिवसापासून काळजीत होत्या. परदेशी माणूस, म्हणून त्यांनी कटलेट वगैरे करायचं ठरवलं होतं. तू म्हणालास, कटलेट त्याला विमानात देतात, तू बांगड्याचं तिखलं कर. ओगावासान मांडी घालून बसले. गुडघे ताटाच्या दोन्ही बाजूंना डोंगरासारखे वर आले. आणि त्यांनी बांगड्याचा काटा असा सबंध काढून ताटाच्या कडेला ठेवला की वहिनी पदर तोंडाला लावून बघत राहिल्या. इतकी वर्षं मी तुमच्याकडे मासे खातोय, मला अजून तो मान नाही. ओगावासान सोलकढीचा दुसरा पेला मागत होते तेव्हा तू माझ्या कानात म्हणालास, हा आमच्या देवबागचाच रे, फक्त चुकीच्या किनाऱ्यावर जन्मला.

त्याच दुपारी आपलं भांडण सुरू झालं. मी म्हटलं, दिगू, उगाच भारावू नकोस. त्यांना आपला बाजार हवाय, आपल्याला त्यांची यंत्रं. दिल्लीत सह्या होतात, साहेब येतात, हार घालतात, फोटो काढतात. त्यात तू कोण? तू पानाला चुना लावत होतास. म्हणालास, सह्या करणारे रात्री हॉटेलात झोपतात. जो दुसऱ्याच्या घरी झोपला नाही, सकाळी टॉवेल खांद्यावर टाकून दुसऱ्याच्या संडासापुढे नंबर लावून उभा राहिला नाही, त्याची कसली मैत्री? मी म्हटलं, मग परराष्ट्र खातं मुलुंडला हलवायला हवं, आपल्याकडे संडासापुढे रांग कायमच असते. तू म्हणालास, गप रव रे मेल्या. आणि महिन्याभरात जपानशी मैत्रीचं मंडळ काढलंस.

खोत मास्तर अध्यक्ष, कारण त्यांच्याकडे काळी टोपी आणि रिकामा वेळ दोन्ही होतं. तू चिटणीस. मी निवेदक, कारण मुलुंडात माइक दिसला की मला बोलवावंच लागतं. न बोलावलं तरी मी येतो.

आणि मग गच्चीवरची ती तालीम. कंपनीतल्या पाच जपानी लोकांना शाळेच्या हॉलमध्ये बोलवायचं होतं आणि आपण त्यांच्या पद्धतीनं वाकून स्वागत करावं असं तुझ्या मनानं घेतलं. संध्याकाळी गच्चीत वाळत घातलेल्या साड्यांच्या मागे तू सगळी कमिटी एका ओळीत उभी केलीस. हात मांडीला चिकटवा. पाठ सरळ. पायांपुढच्या जमिनीवर नजर. दोघेतिघे वाकले की आपोआप हात जोडायचे, मग तू त्यांचे हात धरून खाली करायचास. मास्तर विचारत होते, किती वाकायचं? तू म्हणालास, मान द्यायचाय तेवढं. आणि एक नियम तू पुन्हा पुन्हा घोकून घेतलास. पाहुण्याच्या आधी उठायचं नाही.

घात त्या नियमानंच केला. कारण ओगावासाननी तिकडे आपल्या माणसांना अगदी हेच शिकवून आणलं होतं. यजमानाच्या आधी उठायचं नाही.

हा प्रसंग मी इतक्या ठिकाणी सांगितलाय की त्यात खरं किती राहिलंय, देव जाणे. पण तुला खोटं सांगून उपयोग नाही, तू तिथे होतास. पडदा सरकला. इकडून आपण नऊ वाकलो, तिकडून ते पाच वाकले. आणि कुणी उठेचना. पंखा फिरतोय. समोर बसलेले लोक आधी कौतुकानं बघत होते, मग काळजीनं बघायला लागले. मास्तरांची टोपी निसटून थेट एका पाहुण्याच्या बुटांपुढे पडली. मास्तर ती उचलू शकत नाहीत, कारण नियम. पाहुणा उचलू शकत नाही, कारण त्याचाही नियम. दोघेही टोपीकडे बघताहेत. मी माइकजवळ वाकलेला, त्यामुळे माझा श्वास सगळ्या हॉलला ऐकू येत होता. लोकांना वाटलं, हा कार्यक्रमाचा भाग आहे. मागून एकानं टाळ्यासुद्धा वाजवल्या.

आणि मग तू खाकरलास. मुद्दाम नाही. सुपारीचं खांड घशाशी आलं होतं तुझ्या. पण तुझा तो आवाज झाला आणि दोन्ही ओळी एकदम ताठ झाल्या, जणू कुणी खटका दाबला.

दुसऱ्या वेळी तू मुद्दाम खाकरलास. तिसऱ्या वेळेपर्यंत ती पद्धत होऊन बसली. आपली शाळकरी पोरंसुद्धा वाकली की तुझ्या घशाकडे कान लावायची.

खरी मजा पुढेच झाली. ओगावासान दुसऱ्या खेपेला आले तेव्हा तुमच्या स्वयंपाकघरात बसून, अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी आणि उरलेलं हातांनी, त्यांनी तुला सांगितलं की गावी गेल्यावर त्यांनी सगळ्यांना भारतातली ही सुंदर चाल सांगितली. यजमान घसा साफ करतो, मग सगळे मिळून सरळ होतात. म्हणजे कुणी आधी नाही, कुणी नंतर नाही. त्यांच्याकडे असं काही नाही, म्हणाले. मला हसू आवरेना. मी खरी गोष्ट सांगायला तोंड उघडलं, तर तू टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिलास. जिन्यात मला म्हणालास, सांगितलंस तर बघ. मी म्हटलं, अरे पण ती आपली चाल नाहीये. तू म्हणालास, आता आहे.

तेवढा एकच किस्सा मी आजवर कुठे सांगितला नाही. बघ, एवढं ऐकलं तुझं.

ही सात माणसं यावीत म्हणून तू दोन वर्षं घासलीस. कंपनीची माणसं नाहीत, कंपनीच्या पैशानं नाही. ओगावासान आता निवृत्त. ते, त्यांच्या बायको, आणि त्यांच्या गावचे पाच जण, कुणी शाळामास्तर, कुणी मातीची भांडी करणारा. चार दिवस मुलुंडमधल्या घरांत राहायला. हॉटेल नाही. घराघरांत जाऊन गाद्या बघितल्यास. कुणाचा संडास कसा आहे, हे तुला महानगरपालिकेपेक्षा जास्त ठाऊक होतं. मी चिडवायचो की तू जपानशी नाही, प्लंबरशी मैत्री करतोयस.

मग तुझी छाती भरली. हॉस्पिटलात मी रोज येऊन बसायचो. एकदा तू जोरात खोकलास आणि मी स्टुलावरून वाकून तुझ्या चपला शोधत होतो, तो एकदम ताठ झालो. तुला हसू फुटलं. हसण्यानं आणखी खोकला आला. नर्सनं मला बाहेर काढलं.

शेवटचं बोलणं झालं तेही पाहुण्यांचंच. म्हणालास, मला उठायला वेळ लागला तर तू सांभाळ. फक्त भाषण लांबवू नको. मी म्हटलं, तू मागे उभा राहा, खाकरलास की थांबतो. तू मान हलवलीस. मला तेव्हा आणखी काहीतरी बोलायचं होतं. काय ते मला अजून नीटसं माहीत नाही. माणूस आयुष्यभर बोलतो आणि नेमक्या वेळी मोसंबी सोलत बसतो. मी मोसंबी सोलली. तू दोन फोडी खाल्ल्यास.

तू गेल्यावर कमिटी मास्तरांकडे बसली. मास्तर म्हणाले, पुढे ढकलू या. घरात सुतक, मुख्य पाहुणे त्याच घरी उतरायचे, तेराव्यानंतर लगेच हार आणि माइक बरं दिसत नाही. तुमच्या ऑफिसातून टेलेक्स करून कळवू या. सगळ्यांनी माना डोलावल्या. आता ढकललं की कायमचं गेलं, हेही सगळ्यांना माहीत होतं. ही माणसं पदरमोड करून निघालेली, वयं झालेली. पुन्हा कोण निघतंय? आणि इकडे पुन्हा त्यांच्यामागे लागणारा कोण होता? मला काही वाटतच नव्हतं, तर बोलू काय?

तेवढ्यात दारात सुमन वहिनी. आत आल्या नाहीत, उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या.

“ह्यांनी दोन वर्षं लोकांच्या गाद्या मोजल्या,” त्या म्हणाल्या. “त्या रिकाम्या ठेवू नका. तोवर तेरावं होतंय. ते माझ्याकडेच उतरतील.”

मास्तर म्हणाले, निदान कळवायला तरी हवं.

“कळवलंत तर संकोचानं यायचे नाहीत. आधी येऊ देत. मग भाऊजी सांगतील.”

भाऊजी म्हणजे मी. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मास्तर हळूच म्हणाले की चिटणीस म्हणून आता तूच उभा राहा, बंडू. मी म्हटलं, माइक करीन. विमानतळावर जाईन. त्याच्या जागी उभा राहणार नाही. ती जागा तशीच ठेवा. माझा आवाज चढला असावा, कारण मास्तर चहाचं बघायला आत गेले.

सहारला सकाळी विमान उतरलं. ओगावासान सगळ्यांत उंच, त्यामुळे लगेच दिसले. त्यांनाही मी दिसलो. हसले, हात वर केला, आणि माझ्या खांद्यावरून मागे बघितलं. तू मागे असणार, कारण तू नेहमी मागे असतोस. गाडी बघायला, हमालाशी घासाघीस करायला.

“दिगू-सान?”

मी म्हटलं, दिगू नाही.

“ऑफिस?”

“ऑफिस नाही.”

बस, एवढंच. रस्त्यात टायर पंक्चर झाला तरी तासभर सांगणारा माणूस मी. मी नुसता उभा राहिलो. त्यांनी माझ्याकडे बघितलं. दोन्ही हातांतल्या बॅगा खाली ठेवल्या. मग विचारलं, “सुमन-सान?” मी म्हटलं, घरी आहेत, तुमची वाट बघताहेत. पुढे त्यांनी बाकीच्यांना त्यांच्या भाषेत सांगितलं. ती माणसं तुला एकदाही भेटलेली नव्हती, तरी त्यातल्या भांडीवाल्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि मुलुंड येईपर्यंत घातली नाही.

टॅक्सीत ओगावासान माझ्या शेजारी होते. मांडीवर तुमच्या घरासाठी आणलेली भेट, वर लाल-पांढरी दोरी बांधलेली. ती त्यांच्याकडे आनंदाच्या प्रसंगी बांधतात, हे तूच मला सांगितलं होतंस. घाटकोपर गेलं तसे ते दोरी सोडवायला लागले. त्यांची बोटं यंत्रातली, तरी गाठ सुटायला विक्रोळी आलं. दोरी त्यांनी नीट गुंडाळून कोटाच्या खिशात ठेवली आणि खोका तसाच साधा करून घरी आणला.

वहिनींनी ओवाळायला नको म्हटलं होतं, नुसतं पाणी द्या म्हणाल्या. ओगावासान बूट काढून सरळ तुझ्या फोटोपाशी गेले, खाली बसले, तिथली उदबत्ती घेऊन लावली, हात जोडले. कुणी काही सांगावं लागलं नाही. कुठे लावायची, किती वेळ बसायचं, कसं उठायचं, काही नाही. सगळी खोली बघत होती. मग वहिनी म्हणाल्या, जेवायला बसा. बांगडाच केला होता. त्यांनी काटा काढून कडेला ठेवला. वहिनींनी आणखी एक वाढला, तोही खाल्ला, पुरे म्हणाले नाहीत. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, दिगू, मी दूध द्यायला आलो तर ते टॉवेल खांद्यावर टाकून तुमच्या संडासापुढे उभे होते. आत त्यांच्या बायको. मला बघून त्यांनी मान लववली.

भांडण तू जिंकलास असं मी म्हणणार नाही. यंत्रं अजून त्यांचीच आहेत आणि बाजार अजून आपलाच. मला आणखी चार मुद्दे काढायचे आहेत. पण ते कुणासमोर काढू?

काल संध्याकाळी शाळेचा हॉल भरला. तुझी जागा मी सांगितल्याप्रमाणे मोकळी होती, ओळीच्या टोकाला, पडद्याजवळ. मास्तरांनी टोपी आधीच हातात घेतली होती. मी भाषण लांबवलं नाही. तुला खरं वाटणार नाही, पण पाहुण्यांचं मुलुंडमध्ये स्वागत, एवढंच म्हणालो आणि वाकलो. आपली ओळ वाकली. समोरची सातजणांची वाकली.

पंखा फिरत होता. मला माझ्या चपलांचे अंगठे दिसत होते. पाठ सरळ, हात मांडीला. आणि मी अगदी सहज, नेहमीसारखी, तुझ्या खाकरण्याची वाट बघत राहिलो.

किती वेळ गेला, माहीत नाही. माझा श्वास माइकमधून ऐकू येत होता. मग लक्षात आलं की कुणीच उठत नाहीये. आपली माणसं उठत नाहीत, कारण त्यांना सवय. आणि समोरचे ओगावासान सोडून सहा, जे तुला कधी भेटले नाहीत, तेही उठत नाहीत, कारण ओगावासाननी त्यांना समुद्रापलीकडे बसून शिकवलंय की भारतात यजमान घसा साफ करतो आणि मग सगळे मिळून सरळ होतात. खुर्च्यांवरची पोरं कान लावून बसली होती. सगळा हॉल, दोन्हीकडची माणसं, पडद्याजवळच्या त्या मोकळ्या जागेतून एक आवाज यायची वाट बघत होता.

मास्तरांचे गुडघे थरथरायला लागले. त्यांचं वय आता या प्रकाराचं नाही. कुणीतरी खाकरायला हवं होतं. आणि माइक माझ्यासमोर होता.

मला ते करायचं नव्हतं, दिगू. सगळ्या कमिटीला बजावून सांगितलं होतं मी. तेरावं झालं, पानं उठली, तोवर मी सगळं केलं, पण हे एक केलं की मग तुझ्याकडून काही यायचं उरत नव्हतं.

खाकरलो. स्पीकरमधून मोठा आवाज गेला. तुझ्यासारखा नव्हता.

सगळे सरळ झाले. मी नाही झालो. मला उठताच येईना. चपलेवर पाण्याचा थेंब पडला, मग दुसरा. हॉलचं छत गळतंय का, वर बघायला हवं होतं. बघितलं नाही.

ओगावासानना मी तसाच दिसलो असणार. समोरच्या ओळीतून कोटाची सळसळ ऐकू आली. ते पुन्हा वाकले. मग त्यांच्या बायको, मग तो भांडीवाला, मग एकेक करून बाकीचे. माझ्या डावीकडे मास्तरांची सावली पुन्हा खाली आली. हॉलमध्ये खुर्च्या सरकल्या.

या खेपेला कुणीच कशाची वाट बघत नव्हतं.